सैल सोडा, फोरमन

मी घरोघरी जाऊन लोकांचे पाय हलवते. माझ्या पदवीचं नाव लांबलचक आहे, पण पेशंटच्या घरी मला ‘व्यायामवाल्या ताई’ म्हणतात आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. बारा वर्षं झाली या कामाला. पॅरालिसिस झालेल्या माणसाच्या घरच्यांना पहिल्या दिवशी काय सांगायचं, ते आता इतकं तोंडपाठ झालंय की बोलता बोलता मी मनात पुढच्या पेशंटचा पत्ता आठवत असते.

सांगते ते असं. स्नायूला दोन कामं असतात, आवळायचं आणि सुटायचं. आपल्याला वाटतं आवळणं म्हणजे काम आणि सुटणं म्हणजे आराम. तसं नसतं. सुटायलासुद्धा वरून हुकूम लागतो. मेंदूला मार बसला की ‘आवळ’ म्हणणारा शिल्लक राहतो आणि ‘पुरे, आता सोड’ म्हणणारा जातो. म्हणून पाय सुरुवातीला लुळा पडतो आणि महिना-दीड महिन्यानं उलटा ताठायला लागतो. पोटरी ओढून धरते, टाच टेकत नाही, बोटं आत वळतात. घाईनं वाकवायला गेलात तर पाय झटका देतो. तो झटका पेशंट देत नाही, पाय देतो. त्यांच्या हातात नाही ते.

हे शेवटचं वाक्य मी शेकडो घरांत बोलले असेन. बायकोनं मनाला लावून घेऊ नये, मुलांनी बापावर खेकसू नये, म्हणून. हेतू चांगलाच होता. पण एका घरात त्या वाक्याचं जे झालं, ते मला अजून पचलेलं नाही.

ते घर फोरमनचं. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती, तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत. शेजारी म्हणत, किराणावाला म्हणे, बायकोसुद्धा आल्यागेल्याशी बोलताना “फोरमनना विचारून सांगते” असं म्हणायची. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत त्याची कॉट आणून टाकली होती आणि मधोमध एक भलंमोठं जेवणाचं टेबल होतं, सहा खुर्च्यांचं. खोलीला ते अजिबात झेपत नव्हतं. वर्कशॉपच्या सुताराकडून त्यानं ते हौसेनं करवून घेतलं होतं. वर मेणकापड, चारी बाजूंनी वीतभर खाली लोंबणारं.

माणूस मोठा गोड. उजवी बाजू गेली होती, जीभ सहा आठवड्यांत परत आली आणि जीभ आल्याबरोबर विनोदही आले. मी पहिल्यांदा पाय उचलला तर म्हणाला, “ताई, हा आता घरजावई झालाय. खातोपितो, पण काम सांगितलं की ऐकू येत नाही.” मी हसले. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हसली नाही. मला वाटलं, दमली असेल बिचारी.

तिला मी काकू म्हणायचे. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची, वाळकी, ताठ पाठीची बाई. बाइंडिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं काम केलेली. छापून आलेले कागद मोडून घड्या घालायच्या, त्यांची शिलाई मारायची, पुठ्ठा चढवायचा. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक सुईनं घासून घट्ट झालं होतं, शंखासारखं. नवरा पडला तेव्हा दीड महिन्याची रजा सांगून आली होती. मी त्या घरी गेले तेव्हा तिला घरी बसून तीन महिने होत आले होते.

पहिल्याच दिवशी मी तिला स्प्लिंट चढवायला शिकवत होते. स्प्लिंट म्हणजे पायाला मागून धरणारी प्लास्टिकची पन्हाळ, तिनं पाऊल खाली लोंबत नाही. फोरमन खुर्चीत, समोर लहान स्टुलावर काकू. तिनं टाच हातात घेतली आणि नवखं माणूस करतं तसं पाऊल पटकन वर ढकललं. पाय ताडकन सरळ झाला आणि पावलाचं टोक तिच्या नडगीवर बसलं. चांगलं जोरात. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, मुद्दाम नाही गं,” तो म्हणाला.

“काकू, त्यांच्या हातात नाही ते,” मी म्हणाले आणि माझं पाठ भाषण सुरू केलं.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. एखाद्याला रस्ता विचारावा आणि त्यानं आपल्यालाच आपल्या घराचा पत्ता सांगावा, तसं काहीसं होतं त्या नजरेत. तिनं नडगी चोळली, पुन्हा टाच हातात घेतली आणि म्हणाली, “दाखवा परत.”

आठवड्यातून तीन दिवस मी जात होते. ओढून धरलेला पाय सोडवायची युक्ती एकच, घाई करायची नाही. आधी मांडी, मग गुडघा वाकवायचा, म्हणजे पोटरीवरचा ताण निघतो. मग टाच तळहातात धरून, स्वतःच्या हाताच्या वजनानं पाऊल वर न्यायचं. मनात तीस आकडे म्हणायचे. पायाला कळताच कामा नये की आपल्याला कुणी ओढतंय. आणि तोंडानं सांगत राहायचं, सैल सोडा, सैल सोडा. काकूला ते माझ्यापेक्षा चांगलं जमायला लागलं. ओल्या कागदाची घडी न फाटता उलगडायची सवय असलेले हात ते. तिच्या हातात ती पोटरी लोण्यासारखी मऊ यायची. महिन्याभरात फोरमन काठी घेऊन कॉटपासून मोरीपर्यंत जायला लागला. टाच पूर्ण टेकत होती. त्याची मुलगी शनिवारी यायची, ती म्हणायची, “ताई, तुमच्या हाताला गुण आहे.” गुण कुणाच्या हाताला होता ते मला माहीत होतं, पण मी ते कौतुक खिशात घातलं.

मुलगी विम्याच्या कार्यालयात होती. बापावर जीव. आली की आधी कॉटवर बसायची, त्याचा वळलेला हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडत बसायची.

एका मंगळवारी काकू मोरीत पाय धूत होती. मी हात धुवायला गेले तर गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतलेला. उजव्या नडगीवर जांभळा डाग होता, हिरवट कडा आलेला, आणि त्याच्याखाली एक ताजा. डावीवरही डाग होते, पण ते जुने. काळपट पडलेले, आणि एके ठिकाणी हाडावर बोट बसेल एवढा खळगा. त्या गेल्या चार महिन्यांतल्या गोष्टी नव्हत्या.

“काकू, हे काय?”

“टेबलाचं लागलं.”

“एवढ्यांदा?”

“टेबल मोठं आहे,” ती म्हणाली आणि गाऊन खाली सोडला.

मी विषय तिथंच सोडला. दुसऱ्याच्या घरात जाणाऱ्या माणसाला ही शिस्त लागते, दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. पण त्या दिवशी फोरमनला डुलकी लागली आणि तिनं चहा केला, आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्या तिनं स्वतःच सांगायला सुरुवात केली. आवाज न चढवता, भाजी निवडता निवडता बोलावं तसं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी फोरमननं त्याच्या साहेबाला जेवायला बोलावलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला की अमुक एका बसचं इंजिन त्यानं एकट्यानं उतरवलं. काकू सहज बोलून गेली, “तुमचे ते मित्र पण होते ना बरोबर?” टेबलाखालून बूट आला, थेट नडगीवर. वर फोरमन साहेबाला अजून थोडं घ्या म्हणून आग्रह करत होता, चेहऱ्यावर तेच हसू. तिला क्षणभर वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्यांदा वाटलं नाही.

“त्यानंतर तेच,” ती म्हणाली. “हात नाही उगारला कधी. शिवी नाही. कुणी म्हणणार नाही की हा माणूस बायकोला मारतो. पाहुणे आले, मी एखादा शब्द जास्त बोलले, की खालून. मुलगी समोर बसलेली असायची, तिला कधी कळलं नाही. मी तोंड वाकडं करायचे नाही ना. सवय झाली. घास तोंडात असला तर तो तसाच चावायचा.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“एकदा बोलले. तर तेच रडले त्या दिवशी. म्हणाले, रागाच्या भरात पाय जातो, माझ्या हातात नसतं ते.” तिनं कप विसळला. “तुम्ही पहिल्या दिवशी तेच म्हणालात. मला वाटलं, यांनीच शिकवून ठेवलं की काय तुम्हाला.”

मला कानकोंडं झालं. मी म्हणाले, “काकू, ते वेगळं आणि हे वेगळं. हा आजार आहे.”

“असेल.”

“आणि हे नवे डाग? तुम्ही तर पाय इतका हळू हाताळता.”

“हळूच हाताळते. तरी लागतं.”

इथं मी शहाणपण केलं. माझ्याकडे जे ज्ञान होतं ते मी तिच्या ओट्यावर मांडलं. म्हणाले, कसं असतं, घाईनं ओढल्यावरच पाय आवळतो असं नाही. थंडीनं आवळतो, लघवी तुंबली तर आवळतो, पोट साफ नसलं तर आवळतो. माणूस चिडला, घाबरला, तरी आवळतो.

“चिडला तरी?”

“हो.”

“म्हणजे मला बघून चिडले आणि पाय आला, तर तोही आजारच.”

“तसंही होऊ शकतं,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. गणित सुटल्यावर हलवतात तशी. आणि मी माझी पिशवी उचलून पुढच्या पेशंटकडे गेले. लाथ खायला आणखी एक सबब मी तिला देऊन आले होते, शास्त्रशुद्ध, आणि रस्ताभर मला वाटत होतं की आपण तिला धीर दिला.

पुढच्या काही आठवड्यांत मी त्या वाक्याचा प्रवास बघत होते, पण मला तो दिसत नव्हता. फोरमन शेजाऱ्यांना सांगायचा, “पायावर माझा ताबा नाही, ताईंना विचारा.” मुलगी फोनवर आईला सांगायची, “आई, समजून घे ना, त्यांच्या हातात नाहीये.” काकू काही सांगायला गेली असती तर कुणी ऐकलं असतं? डॉक्टरांचा नाही, व्यायामवाल्या ताईंचा दाखला होता, आणि ताई आठवड्यातून तीनदा घरात यायच्या.

मग तो शनिवार आला. मुलगी आली होती. फोरमन टेबलाशी खुर्चीत बसला होता, खुर्चीतून उठायचा सराव करायचा होता. मुलगी त्याच्या शेजारी, काकू समोर, स्वयंपाकघराच्या बाजूच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर. फोरमनच्या स्प्लिंटचा पट्टा सैल झाला होता म्हणून मी टेबलाच्या बाजूनं खाली वाकले आणि मेणकापडाच्या आत गुडघ्यांवर बसले. त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला, गुडघा वाकवला, टाच तळहातात धरली. पाय अगदी सैल होता. पट्टा सोडवून परत बांधत होते.

वर काकू बोलत होती. “कारखान्यातून फोन आला होता. शाळांच्या वह्यांचं काम आलंय, माणसं कमी पडतायत. दुपारचे चार तास ये म्हणाले. मी म्हटलं, सोमवारपासून येते.”

“आणि बाबांकडे कोण बघणार?” मुलगी म्हणाली.

“चारच तास. जेवण वाढून, औषध देऊन जाईन. आता चालतात ते मोरीपर्यंत.”

“मला विचारलंस?” हा फोरमन. आवाज गोडच.

“विचारायचं काय? बावीस वर्षं जातेय मी,” काकू म्हणाली.

आणि माझ्या तोंडासमोरून एक बूट गेला.

डावा. त्यानं तो आधी मागे घेतला, खुर्चीच्या पायापर्यंत, मी बघत होते, आणि मग पुढे हाणला. काकूची उजवी नडगी तिथंच होती, जिथं ती रोज असते. हाडाचा आवाज मी इतक्या जवळून पूर्वी ऐकला नव्हता. माझ्या हातातली उजवी पोटरी जागची हलली नाही.

वर फोरमन म्हणाला, “आई गं! बघा, आला परत झटका. ताई, अहो, घट्ट धरा ना.”

“आई, लागलं का?” मुलगी म्हणाली. “मुद्दाम नाही करत गं ते.”

मी मेणकापडाच्या आत होते. खोटं बोलत नाही, पहिल्यांदा मला वाटलं की थोडा वेळ इथंच राहावं. पट्टा बांधावा, सावकाश बाहेर यावं, आज एवढंच पुरे म्हणावं आणि निघावं. मला ते घर हवं होतं, ते कौतुक हवं होतं. पण डोळ्यांसमोर काकूचे पाय होते, आणि डावीवरचे जुने डाग आणि उजवीवरचे नवे, सगळं एकदम उलगडलं. धडधाकट होता तेव्हा उजव्यानं मारायचा, समोर बसलेल्या तिच्या डाव्या नडगीवर. आता उजवा गेला, तर डाव्यानं तिच्या उजवीवर. पहिल्या दिवशीचा तो एक झटका तेवढा खरा होता. बाकीचे त्याला माझ्या भाषणानं सुचवले होते.

मी बाहेर आले. केस विस्कटलेले, गुडघ्यांना धूळ.

“झटका नव्हता तो,” मी म्हणाले. “उजवा पाय माझ्या हातात होता. मारला तो डाव्यानं.”

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता.

“डाव्यालाही व्हायला लागलंय अलीकडे,” फोरमन म्हणाला.

“डाव्याला काही झालेलं नाही. डावा पाय तुमचा माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.”

“ताई!” मुलगी उभी राहिली. “तुम्ही काय बोलताय कळतंय का? आजारी माणूस आहे तो. बायकोला लाथ मारतो म्हणताय तुम्ही. माझे बाबा?”

“आईला विचारा.”

तिनं आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं होतं की आता बांध फुटेल, एकतीस वर्षांचं सगळं टेबलावर येईल. काकूनं मेणकापडाची सुरकुती तळहातानं सारखी केली आणि म्हणाली, “चहा ठेवते.” आणि आत गेली.

मुलगी मला म्हणाली, “तुम्ही व्यायाम करून घ्यायला येता. आमच्या घरात भांडणं लावायला नाही. सोमवारपासून येऊ नका.”

दारापर्यंत सोडायला काकू आली. लंगडत होती थोडी.

“तुम्ही का नाही बोललात?” मी हळू आवाजात विचारलं. मला राग आला होता, खरं तर तिचाच.

“काय बोलायचं? डावा की उजवा, ते मला कळत नव्हतं होय? पहिल्या दिवसापासून कळत होतं. तुम्ही कधी विचारलं का, कुठल्या पायाचं लागतं?”

नव्हतं विचारलं. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

“तुम्ही आता बोलून गेलात,” ती म्हणाली, “आणि मी आत जाणार आहे.” तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर साडेतीन-चार महिने माझा त्या घराशी संबंध नव्हता. त्या गल्लीवरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथनं जायचे. मग एक दिवस मुलीचा फोन आला. आवाज उतरलेला. “ताई, एकदा येऊन बघाल का? बाबांचा पाय सरळच होत नाही.”

नाही म्हणता आलं असतं. गेले.

मुलीनं दारातच सगळं सांगितलं, एका दमात. काकू त्याच सोमवारी कामावर गेली होती. चार तासांसाठी नाही, पूर्ण दिवस. कुणाला विचारलं नाही, कुणाशी भांडली नाही. सकाळी स्वयंपाक करून, औषधाच्या पुड्या मांडून निघून जाते. संध्याकाळी येते, जेवायला वाढते, कपडे धुते. कुठंही उणं नाही. जेवायला मात्र टेबलाशी बसत नाही, ताट घेऊन ओट्याशी उभी राहते. आंघोळ घालायला एक माणूस लावलाय, तोच व्यायाम देतो.

“कसा देतो?” मी विचारलं.

तिनं हवेत हात हलवून दाखवला. हापसा मारावा तसा, खालीवर, भराभर.

“आणि आई?”

“आई पायाला हात लावत नाही,” मुलगी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “मी विचारलं तिला. त्या दिवसाबद्दल. तिनं मला तिचे पाय दाखवले. बोलली काही नाही.” ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. “मी त्याच टेबलावर जेवून मोठी झाले, ताई.”

मी चपला काढून आत गेले.

फोरमन कॉटवर होता. वाळला होता. मी पाय हातात घेतला. पोटरी लाकूड झाली होती. गुडघा अर्धा वाकलेला, पाऊल खाली आणि आत वळलेलं, नर्तकीनं चवड्यावर उभं राहावं तसं. पूर्वी नुसता हुकूम चुकत होता, स्नायू आवळायचा पण सोडवला की सुटायचा. आता तो स्नायूच आखूड झाला होता. ज्या हातांना त्याला सैल करणं जमत होतं, ते हात सकाळी सात वाजता बाइंडिंगला जात होते.

मुलगी आत गेली. फोरमन माझ्याकडे बघत होता. विनोद नव्हता तोंडावर.

“ती करत नाही,” तो म्हणाला. “तिला येतं सगळं, पण करत नाही. तुम्ही सांगा तिला.”

“काय सांगू?”

“आजाऱ्याशी कुणी असं वागतं का?”

“फोरमन,” मी म्हणाले, “डावा पाय का मारायचात?”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. त्याचा कान तिकडे होता.

“वर्कशॉपात शंभर माणसं होती माझ्या हाताखाली,” तो म्हणाला. “मग घरी दोघी राहिल्या. मग पोरगी गेली तिच्या संसाराला. ही एकटीच उरली.” त्यानं मानेनं बाहेरच्या आवाजाकडे खूण केली. “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे त्याच्या. सांगायला तरी जाता येतंय का मला?”

एवढंच. पश्चात्तापाचा एक शब्द नाही, आणि मी वाट बघत होते त्या शब्दाची. मला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं. मला तो पाय हातात धरून एकच सुचलं, की झटकन ओढावा. आणि मी ओढला. एकदाच. पाऊल थडथड उडायला लागलं, शिलाईच्या मशीनच्या सुईसारखं, आणि तो ओरडला. आतून मुलगी धावत आली.

“काय झालं?”

“काही नाही. घट्ट झालाय फार,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

मग मी पाय पुन्हा मांडीवर घेतला, आधी मांडी, मग गुडघा, मग टाच, आणि तीस आकडे म्हणायला लागले. दुसरं काय करणार, मला तेवढंच येतं. “सैल सोडा, फोरमन.” त्याला सोडता येत नव्हतं. या वेळी ते खरंच येत नव्हतं.

मी परत जायला लागले, आठवड्यातून दोनदा. काकूची माझी गाठ क्वचित पडते, पडली तर ती डबा भरत असते. एकदा मी धीर करून म्हणाले, “काकू, तुमच्या हातानं रोज दहा मिनिटं झालं असतं तर—”

“माहितेय मला,” ती म्हणाली. डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या. दारातून वळून तिनं कॉटकडे पाहिलं, मला म्हणाली, “औषध उशाशी ठेवलंय,” आणि गेली. चालताना ती आता लंगडत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी पोटरीची शीर ऑपरेशन करून लांबवता येईल असं सांगितलं. फोरमन नाही म्हणाला. मुलीनं विनवण्या केल्या, काकूनं केल्या नाहीत.

मी परत सुरू केलं त्या दिवशी त्याची टाच जमिनीपासून चार बोटं वर होती. दोन महिन्यांनी तीन बोटं. त्याच्या खाली ती कधी आली नाही.